फितुरणीची घागर

रसवंतीवाल्याने माशी हाकलायला हात उचलला आणि मी झटकन वाकून डोक्यावर दोन्ही हात घेतले. अकोल्याच्या बसस्टँडसमोर, एप्रिलच्या भर दुपारी, चारचौघांत. रसाचा ग्लास साडीवर सांडला, बर्फाचे खडे चपलेत गेले. माशी कधीच उडाली होती. तो बिचारा हात तसाच वर धरून माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने तो शर्टाला पुसला. "काय झालं मॅडम? चक्कर आली का?" मी म्हटलं, "ऊन लागलं." अकोल्यात एप्रिलमध्ये उन्हावर काहीही ढकलता येतं. बाकावर बसलेल्या एका म्हातारीने मात्र माझ्याकडे असं पाहिलं, की तिला सगळं कळलं असावं. दया होती तिच्या डोळ्यांत. मला तिचा इतका राग आला की ग्लासात उरलेला रस तिच्या तोंडावर फेकावासा वाटला. मी पैसे दिले आणि पिशवी छातीशी धरून बस शोधायला लागले.

पिशवीत खुशालराव मोहोड होते. म्हणजे त्यांच्या खटल्याच्या झेरॉक्स. खुशालराव हे माझ्या नवऱ्याचे, नितेशचे, कितव्यातरी पिढीतले आजोबा. इंग्रजांच्या राज्यात काळ्या पाण्यावर गेलेले आणि तिथून परत न आलेले. मी अमरावतीला ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते, मोडी वाचते, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. नितेशचं बियाण्यांचं आणि खताचं दुकान आहे, आणि यंदा त्याला जिल्हा परिषदेचं तिकीट पाहिजे. त्यासाठी वलगावच्या पुढे असलेल्या त्यांच्या गावात खुशालरावांच्या नावाची कमान उभी राहायची होती, 'क्रांतिवीर' असं लिहिलेली, आणि कमानीसाठी वरून कोणीतरी पुरावा मागितला होता. "तुह्या इतिहासाचा घराले काई तं उपयोग होऊ दे," असं म्हणून त्याने मला पिटाळलं. माझं माहेर अकोल्यातच. खोटं कशाला बोलू, चार रात्री त्याच्यापासून लांब झोपायला मिळेल म्हणून मी लगेच हो म्हटलं होतं.

मोहोडांच्या घरात खुशालरावांची गोष्ट देव्हाऱ्यातल्या टाकांइतकी जपलेली. गोरा साहेब शेतसारा वाढवायला गावात आला, त्याने खुशालरावांच्या बैलाला चाबूक मारला, आणि खुशालरावांनी बैलगाडीच्या कडेची उभारी उपसून साहेबाचं डोकं फोडलं. कोणी पकडू शकलं नसतं, पण घरच्याच एका बाईने फितुरी केली. सासरे महादेवराव मरेपर्यंत ही गोष्ट सांगायचे, आणि उभारी उपसताना त्यांचा हात हवेत असा उठायचा की समोर बसलेल्या बायका नकळत मागे सरकायच्या. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या रागाचं मूळ तिथे दाखवलं जायचं. महादेवरावांनी जेवणाचं ताट भिंतीवर भिरकावलं, की खुशालरावाचं रक्त. नितेशने दुकानातल्या हमालाचे दात पाडले, की खुशालरावाचं रक्त. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने माझं डोकं फ्रीजच्या दारावर आपटलं, तेव्हा माझ्या कपाळावर हळद दाबत चुलतसासू कौतुकाने म्हणाली होती, "तापते लवकर, बापा. खुशालरावाचं रक्त हाये ना." आणि मी मूर्ख, मला त्या वेळी जरा बरंसुद्धा वाटलं होतं, की मार निदान मोठ्या घराण्यातून आलेला आहे.

मूर्तिजापूरकडे निघालेल्या बसमध्ये खिडकीतून गरम हवा तोंडावर येत होती आणि मी झेरॉक्स पुन्हा काढून बसले. जुन्या कचेरीच्या दफ्तरात कागद सापडायला वेळ लागला नव्हता, वाचायला लागला होता. मोडीत अर्थ एकदम हाती येत नाही. आधी अक्षर सुटतं, मग शब्द, आणि वाक्य पुरं होईतो आपण बेसावध असतो. 'उभारी' हा शब्द सुटला तेव्हा मी खूश झाले होते. घरची गोष्ट खरी निघाली, नितेश खूश होईल, महिनाभर तरी शांततेत जाईल, असा हिशेबही मनात झाला. पुढे 'साहेब' असणार म्हणून मी साहेब शोधत राहिले. साहेब नव्हताच. तिथे होतं 'राधी कोम खुशाल', म्हणजे खुशालची बायको राधी. उभारी खरी होती, डोकं दुसरं होतं. मी ओळ पुन्हा वाचली, पुन्हा वाचली, आणि माझ्या डाव्या कानात, जिथे गेल्या दिवाळीपासून बारीक शिट्टी वाजत असते, ती शिट्टी एकदम वाढली.

गाडीचं चाक चिखलात रुतलं होतं. खुशाल गड्याला शिव्या देत चाकाला खांदा लावत होता, आणि त्याचा पाय घसरून तो तोंडावर पडला. राधी दारात होती. ती हसली. एवढंच कारण कागदात आहे. मी त्या हसण्यापाशी फार वेळ अडकले. कसं हसली असेल? खळखळून, की पदरात? मी नितेशसमोर शेवटची कधी हसले ते आठवेना. टीव्हीवर काही विनोदी लागलं तरी मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते. राधीला ती सवय लागायची असेल अजून. त्याने उभारी उपसली आणि तिच्या डोक्यात घातली, ती पडल्यावरही घालत राहिला, आणि मग बैलांना पाणी पाजायला घेऊन गेला. शेजाऱ्याने जबानीत सांगितलं, आपण त्या दिवशी बाजाराला गेलो होतो. गड्याने काही पाहिलं नव्हतं, तो चाकाकडे बघत होता. खुशालचा भाऊ वावरात होता. भर दुपारी अंगणात एका बाईच्या डोक्याचा चेंदा झाला आणि अख्ख्या गावाने नेमकी तेव्हाच दुसरीकडे मान वळवली होती.

शेवटचा साक्षीदार सगुणा, आरोपीची आई. तिने सगळं सांगितलं होतं. ती दारात राधीच्या मागेच उभी होती, तिने किती वेळा "पुरे" म्हटलं, त्याने कोणत्या हाताने मारलं, रक्त कुठवर गेलं. न्यायाधीश साहेबाने विचारलं, तू याची सख्खी आई, तुला आणखी काही सांगायचं आहे का? त्यावर तिचं उत्तर कारकुनाने तिच्याच शब्दांत उतरून घेतलं होतं: फाशी देऊ नये, माझ्या पोटचा आहे. परंतु घरी पाठवू नये, घरात दुसरी सून आहे व याची मुलगी आहे. खाली इंग्रजीत निकाल होता. परक्या गड्यासमोर बायकोने नवऱ्याला हसणं या लोकांत फार चीड आणणारं मानतात, असं लिहून न्यायाधीशाने फाशीऐवजी जन्मठेप काळं पाणी दिलं होतं. म्हणजे फाशी टळली ती राधीच्या हसण्यावर बोट ठेवून, आणि घर वाचलं ते सगुणाच्या तोंडाने. सगुणाचं पुढे काय झालं ते कागदात नाही. ते मला ठाऊक होतं.

आखाजीला, अक्षय तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावाने घागरी भरतात. मोहोडांकडे भरलेल्या घागरींच्या रांगेपासून लांब, उंबऱ्याबाहेर, एक फुटक्या काठाची घागर ठेवतात. तिच्यात भांडी विसळलेलं पाणी असतं. ती फितुरणीची. घरात नवीन आलेल्या सुनेने पहिल्या आखाजीला ती डाव्या पायाने लाथाडायची आणि म्हणायचं, "फितुरणीले पाणी नाई." सगळं घर टाळ्या वाजवतं, आणि त्या दिवसापासून सून घरची झाली. मीही लाथाडली होती. जोरात, कारण हळू लाथाडली तर नवीन सून मनातून घरची नाही असं समजतात. अंगठ्याचं नख मोडलं होतं आणि सासऱ्यांनी शाबासकी दिली होती. बसमध्ये त्या अंगठ्याकडे बघताना माझ्या घशाला असा शोष पडला की बाटलीतलं पाणी संपवलं तरी गेला नाही. जिने एकटीने तोंड उघडलं, ती बाई इतक्या पिढ्या तहानेली होती आणि तिला तहानेलं ठेवायचं काम सुनांकडे होतं.

बडनेरा मागे पडून अमरावती आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. मला उतरावंसं वाटत नव्हतं. कागदात जे होतं ते मला हवं होतं, फार हवं होतं, आणि ते मिळणार नाही याची खात्री होती. दिवाळीनंतर मी एकदा पोलीस ठाण्यात गेले होते. तिथल्या पोलीस बाईने नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि शेवटी विचारलं, "मॅडम, चार भिंतीतलं हाये. घरातलं कोणी बोलन का? सासू बोलन का?" मी उठून आले. माझी सासू मनकर्णाबाई! सणावाराला आणि हिवाळाभर ती आमच्याकडे अमरावतीला असते. तिला कमी ऐकू येतं असं सगळे म्हणतात. आतल्या खोलीत आवाज चढला की बाहेर ती टीव्हीचा आवाज चढवते. मला मारलं जाताना मी कितीतरी मालिकांची गाणी पाठ केली आहेत. सकाळी ती चहा देताना माझ्या तोंडाकडे बघत नाही, कपाकडे बघते. तिने महादेवरावांच्या हाताखाली चाळीस-एक वर्षं काढलेली, तिच्याकडून काय मागायचं? पण मागावंसं वाटतंच. एक माणूस, फक्त एक माणूस त्या घरातलं, ज्याने म्हणावं की हो, हे झालं, मी पाहिलं.

नितेश दारातच होता. "भेटला का कागद?"

"भेटला."

"उभारी हाये त्याच्यात?"

"आहे."

त्याने आनंदाने माझ्या खांद्यावर थाप मारली आणि मी पिशवी तोंडासमोर धरली. त्याला ते दिसलंही नाही. "आखाजीले गावातले पुढारी येऊन राह्यले जेवाले. त्यायच्यासमोर वाचजो. फोटू काढू." मी मान डोलावली. त्या आठवड्यात तो माझ्याशी गोड वागला, साडीसुद्धा आणली, आणि मी प्रत्येक क्षण भीत काढला. मी काय करणार हे मलाच ठाऊक नव्हतं. कागद जाळावे, 'साहेब' घुसडून खोटं वाचावं, आजारी पडावं, सगळे विचार करून झाले. एकदा त्याला वाढताना वाटलं, वरणाचं पातेलं सरळ याच्या डोक्यावर ओतावं. उकळतं. ते दृश्य मी इतकं नीट पाहिलं की वरण ताटाबाहेर सांडलं. "आंधळी हायेस का?" तो म्हणाला. पण मारलं नाही, कमानीच्या आनंदात होता.

आखाजीच्या दिवशी गावातल्या घरी पुरणाचा, आंब्याचा आणि घामाचा वास कोंडला होता. ओसरीवर पुढारी बसले होते. निखाऱ्यावर पितरांचा घास टाकून झाला, घागरींना हळदकुंकू लागलं. माझा धाकटा दीर श्याम पत्रावळी घेऊन उभा होता. त्याची बायको आरती, फाल्गुनात लग्न होऊन आलेली, नव्या साडीत घामाघूम होऊन उंबऱ्यावर आली. मनकर्णाबाईंनीच तिची साडी जरा वर खोचून दिली, पाय नीट उचलता यावा म्हणून. आरतीने माझ्याकडे बघून लाजत विचारलं, "ताई, जोरात मारू ना?" आणि डावा पाय उचलला. तिचा पाय फार कोवळा होता, मेंदी अजून गेली नव्हती.

"थांब," मी म्हटलं. "पाय नको लावू. ती फितूर नव्हती."

आरती एका पायावर तशीच उभी. नितेश हसतच पुढे आला, "अवं, कागद मंग वाच ना, आंधी हे होऊ दे."

"साहेब कोणी नव्हता, नितेश. त्यानं बायको मारली. राधी नाव होतं तिचं. तो चिखलात पडला आणि ती हसली, म्हणून उभारीनं ठेचली. आणि ही घागर ज्या बाईची आहे, ती त्याची माय. साऱ्या गावात तिनं एकटीनं खरं सांगितलं." माझा आवाज वर्गात असतो तसा निघाला, खणखणीत. आणि मी थांबले नाही, सगुणाचं शेवटचं वाक्य मी मोडीतून जसंच्या तसं वाचून दाखवलं. ओसरीवर कोणीतरी, कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, फिस्सकन हसलं.

नितेशने वळून हसणारा शोधला. तो सापडला नाही. मी सापडले. त्याच्या हाताशी पितरांसाठी भरलेला पितळी तांब्या होता, तो त्याने पाण्यासकट माझ्या कानशिलावर घातला. आधी गार पाणी जाणवलं, मग गरम काहीतरी. मी घागरींच्या रांगेत पडले, दोन घागरी फुटल्या, एक खापर तळहातात घुसलं. त्याने केस धरून मला उठवलं आणि परत मारलं, या वेळी तांब्याच्या कडेने. आजवर तो कधी चारचौघांत मारत नसे, दार लावून घ्यायचा. मला वेदनेच्याही वर एक विचित्र आनंद होत होता: बघा, बघा आता सगळे, दिवसाउजेडी आहे. रक्त आलेल्या डोळ्याने मी पाहिलं. पुढारी चपला शोधत होते. श्याम हातातल्या पत्रावळी मोजत असल्यासारखा खाली बघत होता. चुलतसासूने तोंडाला पदर लावून भिंतीकडे तोंड केलं होतं. आरती तेवढी रडत होती, आणि तिचा पाय अजून खाली टेकला नव्हता.

"सोड तिले."

मनकर्णाबाई फार मोठ्याने बोलली नाही. नितेशने तांब्या उचललेलाच होता. ती मधे आली आणि तिसरा घाव तिच्या मनगटावर बसला, महादेवराव गेल्यावर हातात उरलेली एकुलती बांगडी फुटली. तो "आई, तू हट" असं काहीसं ओरडला. तिने मनगटाकडे पाहिलंसुद्धा नाही. श्यामला म्हणाली, "गाडी काढ."

"आई, दवाखान्यात नेतो ना मी वयनीले, तू कायले..."

"ठाण्यात जाचं हाये. काढतं का मी पायदळ जाऊ?"

गाडीत ती माझ्या शेजारी बसली. पदराचा बोळा करून माझ्या कानशिलाला दाबून धरला होता, इतका घट्ट की दुखत होतं. मी रडत होते आणि मनातल्या मनात तिचे पाय धरत होते. अकोल्यापासून आणलेला शोष घशातून गेला होता. वाटत होतं, झालं, मिळालं मला माझं माणूस.

ठाण्यात हवालदाराने आधी माझं डोकं पाहिलं, दवाखान्याची चिठ्ठी लिहिली, मग जबाबाला बसला. माझं झाल्यावर त्याने मनकर्णाबाईंना मोठ्याने ओरडून विचारलं, "काकू, तुमी आरोपीच्या कोण?"

"वरडू नको. मले आयकू येते," ती म्हणाली. "माय हावो त्याची."

"पोटचं पोरगं हाये काकू, इचार करून सांगा."

ती सांगायला लागली. आजचं सांगितलं, तांब्या, खापर, सगळं. तो पेन ठेवायला लागला तर म्हणाली, "झालं नाई अजून." मग दिवाळी. त्या रात्री कितव्या थोबाडीत माझा कान फुटला ते तिला ठाऊक होतं. फ्रीजचं दार ठाऊक होतं. ती एकेक प्रसंग सणावारांवरून सांगत गेली, बैलपोयाच्या दुसऱ्या दिवशी, गौरीत, संक्रांतीले, कोणत्या खोलीत, तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, मी कशी ओरडले आणि ओरडायची कधी थांबले. आणि मग खाली बघत, त्याच सपाट आवाजात: "तिसरा महिना होता तिले. पायरीवून पडली म्हनून दवाखान्यात सांगतलं यायनं. पायरी नोती. लाथ होती. मी दारातून पाह्यली. मंग हे दवाखान्यात गेले अन मी मोरीतलं रगत धुतलं."

माझं रडणं बंद झालं. ती मोरी नितेशने धुतली असं मी समजत होते. दवाखान्यातून परत आले तेव्हा सगळं स्वच्छ होतं, फिनाइलचा वास येत होता, आणि मला वाटलं होतं, याला पश्चात्ताप झाला, याने गुडघ्यावर बसून आपल्या हाताने आपलं पाप पुसलं. त्या एका मोरीवर विसंबून मी त्या घरात राहिले. आणि ही! हिने धुतलं. हिने दारातून पाहिलं, पाणी ओतलं, खराटा मारला, हात पुसले आणि बाहेर जाऊन टीव्ही लावला. हिला सगळं ऐकू येत होतं. त्या दिवशी हिने तोंड उघडलं असतं तर मला मूल असतं.

मी उठले. खुर्ची मागे पडली. माझा हात वर गेला होता, पूर्ण वर, बोटं ताठ, आणि तो तिच्या तोंडावर बसणार हे मला, तिला, हवालदाराला, सगळ्यांना कळलं होतं. हवालदार "ओ मॅडम, ओ मॅडम" म्हणत टेबलाला वळसा घालायला लागला. मनकर्णाबाई मागे सरकली नाही, तिने मानही वळवली नाही. फुटक्या बांगडीच्या हाताने तिने टेबलावरचा जबाब आपल्याकडे ओढला आणि पेन उचललं.

"मार मले," ती म्हणाली. "पण पयले सई करू दे."